मीठ वाढलं

ऐन वैशाखात पडद्यावरचं आंबेघोळ खोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार दिसत होतं. झाडांमुळे नव्हे हो! झाडांचा तर तेव्हा खराटा झाला होता. हा हिरवा रंग मिठाचा, तांदळाचा, गोडेतेलाचा होता. ज्या घरात साठा पुरेसा, त्या घराचा ठिपका हिरवा आणि जिथं टंचाई, तिथं लाल. कराडच्या खोरे पुरवठा संघाच्या गोदामात त्या भल्यामोठ्या पडद्यासमोर उभी राहून संयोगिता सपकाळ लाल ठिपका शोधत होती. एकही सापडत नव्हता, म्हणून मनातल्या मनात फुगत होती. फुगू द्या तिला. ज्या यंत्राच्या जोरावर हे सगळं दिसत होतं, तो 'कानोसा' तिनं घडवला होता.

आणि आता त्या कानोशाची परीक्षा होती. आंबेघोळ खोऱ्यातल्या बावीस गावांना जगाशी जोडणारा पूल एकच. तो म्हातारा झाला होता. उद्या संध्याकाळी तो बंद करायचा, पाडायचा आणि कारखान्यात तयार केलेले तुकडे जोडून दीड महिन्यात नवा उभा करायचा, असं ठरलं होतं. धरणाचं पाणी उतरल्यामुळे लाँच गाळात रुतून बसलेली. ड्रोन औषधं पोचवेल, पण तांदळाची पोती काही उचलणार नाही. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत पुलावरून जे आत जाईल, त्यावर बावीस गावांनी दीड महिना काढायचा.

आता हा कानोसा काय प्रकार आहे ते समजून घ्या. अवघड काही नाही.

माल पुरवण्याची एक साखळी असते. मिठागर, कारखाना, मोठं गोदाम, ठोक व्यापारी, गावचं दुकान आणि सगळ्यात शेवटी चुलीशेजारची बरणी. माल वरून खाली येतो आणि 'हवंय' ही बातमी खालून वर जाते. मालाची गाडी बिघडली तर ती दुरुस्त करता येते. खरा घोटाळा होतो तो बातमीचा. समजा, कुणाकडे पाहुणे आले म्हणून एका बाईनं एकाऐवजी साखरेचे दोन पुडे नेले. दुकानदाराला वाटतं, अरे वा, खप वाढला! तो पाच पुडे जास्त मागवतो. ते बघून ठोक व्यापारी पन्नास मागवतो. तिकडे कारखाना जादा पाळी लावतो, आणि तोवर पाहुणे जेवून, पानसुपारी खाऊन आपल्या घरी पोचलेले असतात. आसूड फिरवणाऱ्याचा हात वीतभरच हलतो, पण टोक पार अंगणभर फिरतं. या साखळीचंही तसंच. प्रत्येक कडी खालच्या कडीकडे बघून अंदाज करते आणि प्रत्येक अंदाजात थोडी भर पडत जाते.

यावर पूर्वी एकच उपाय होता, तो म्हणजे बेगमी. प्रत्येकानं थोडा जादा साठा करून ठेवायचा. पण पडून राहिलेल्या मालाला कीड लागते, वास येतो आणि जागाही अडते. संयोगितानं दुसरा रस्ता काढला. मधल्या कड्यांना विचारायचंच कशाला? थेट बरणीचीच बातमी ऐकायची.

म्हणून कानोसा. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायची. घरात बोलणं चालतं त्यातून ती फक्त जिन्नसाचं नाव आणि तो वाढला की घटला एवढंच उचलते आणि बाकी सगळं कानाआड करते. त्यातलं काही साठवत नाही, कुठं पाठवत नाही. डब्या वाटताना खोऱ्यातल्या बायकांनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं, "मी जावेबद्दल काय बोलले ते हे जावेला सांगंल का?" नाही म्हटल्यावर डब्या फळीवर गेल्या.

पहिली डबी संयोगितानं आईच्या फळीवर ठेवली होती. आई म्हणजे शालनबाई. आंबेघोळमध्ये तिचं किराणा दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. पूर्वी रोज दिवेलागणीला शालनबाईंचा फोन यायचा. "संयू, उद्याच्या गाडीत साखर जास्त टाक गं," इथून सुरुवात व्हायची आणि मग कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीनं कुणाला पसंत केलं, तू जेवलीस का, काय खाल्लंस, असं करत करत साखर कुठल्या कुठं राहून जायची. कानोसा आला आणि संयोगितानं मोठ्या ऐटीत सांगितलं, "आई, आता फोन करून सांगायची गरज नाही. मला इथं सगळं दिसतं."

"बरं," शालनबाई म्हणाल्या होत्या.

त्यानंतर फोन आला नाही. संयोगिताच्या ते लक्षातही आलं नाही. रोज पडद्यावर आईच्या घराचा हिरवा ठिपका दिसला की तिला आईला भेटल्यासारखं वाटायचं.

"अभिनंदन!" मागून आवाज आला. धनंजय पोतनीस, संघाचे मुख्य व्यवस्थापक. माणूस हुशार, कष्टाळू, फक्त जरा घाईचा. "खोऱ्यातल्या दुकानांत मीठ-तांदूळ रोज खपतोय आणि घरांतला साठा वाढतोय. याचा अर्थ काय?"

"बायकांनी बेगमी केलीय, सर."

"अगदी बरोबर. पूल बंद होणार म्हणून शहाण्या बायकांनी आधीच घरं भरून ठेवली." पोतनीस खूश होते. "म्हणून मी बारापैकी आठ ट्रक शेजारच्या तालुक्यातल्या जत्रेकडे वळवतोय. तिकडे मागणी दांडगी आहे. आंबेघोळला चार पुरे. आणि हो, उद्या तीन राज्यांचे अधिकारी आपला पडदा बघणार आहेत. कानोसा त्यांना हवाय. तेव्हा हिरवं राहू दे सगळं!"

"राहील, सर. मी एकदा जाऊन येते तिकडे. पूल बंद व्हायच्या आधी आईलाही भेटते."

"या, या. मातोश्रींना नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी ती पूल ओलांडून आंबेघोळला पोचली तेव्हा ऊन टळटळीत झालं होतं. शालनबाई दुकानाच्या उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"आलीस व्हय? वाट चुकलीस जणू."

"आई, टोमणे नकोत. भूक लागलीय."

"मग जेव की. भाकरी हाय, पिठलं हाय. तुझ्या त्या पडद्यावर दिसलं नाही का?"

संयोगिता हसत आत गेली आणि दुकानातल्या फळ्यांवरून तिची नजर फिरली. फळ्या अर्ध्या मोकळ्या होत्या. मिठाचे चारदोन पुडे आणि तांदळाचं एकच पोतं, तेही तोंड सोडलेलं.

"आई, तू बेगमी नाही केलीस? दीड महिना रस्ता बंद राहणार आहे!"

"कशाला करायची?" शालनबाईंनी ताट घेतलं. "तुझी डबी ऐकती की. सगळ्या गावाला मी सांगितलं, माझ्या लेकीचं मशीन हाय, काय लागंल ते तिला कळतंय, पूल बंद व्हायच्या आत गाड्या येतील. उगा कशाला कीड लावून घ्यायची तांदळाला? एका बाईनं बेगमी केली नाही बघ, माझ्या शब्दावर."

संयोगिताचा घास हातातच राहिला. बेगमी केलीच नाही? मग हिरवं कशानं झालं?

तेवढ्यात बाहेरून हाक आली. शेजारची सोनाबाई रिकामी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी.

"शालनवैनी, मिठाचा पुडा द्या. मीठ वाढलंय कालपासनं. आन् तांदूळबी वाढायला आल्यात."

"देते. गोडंतेल?"

"ते तर परवाच वाढलं."

फळीवरच्या डबीचा बारीक दिवा तीनदा लुकलुकला. संयोगितानं हातातल्या फोनवर बघितलं. तिथं लिहून आलं होतं, 'मीठ: वाढ. तांदूळ: लवकरच वाढ. गोडेतेल: वाढ.' आईच्या घराचा ठिपका हिरवा होता, तो आणखी गडद हिरवा झाला.

संयोगिताला आधी खो खो हसू आलं. मग तिनं ताट बाजूला सारलं.

आता हे तुम्हाला-मला सांगायला नको. भरल्या घरात 'संपलं' म्हणायचं नसतं. मीठ संपत नाही, ते वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायची. अभद्र शब्द घरात नको, एवढाच त्यातला भाव. पण कानोसा बोलायला शिकला होता शहरांतल्या फ्लॅटमध्ये. तिथली माणसं सरळ 'मीठ संपलं' म्हणतात आणि फोनवर बोट ठेवून मागवतात. तिथं वाढलं म्हणजे वाढलं. खोऱ्यात मात्र बायका महिनाभर 'वाढलं, वाढलं' म्हणत रिकाम्या बरण्यांची बातमी देत होत्या आणि कानोसा भाबडेपणानं त्यांची घरं हिरवी रंगवत होता. दर आठवड्याची गाडी दुकानांच्या खपावर यायची, म्हणून आजवर कुणाचं अडलं नव्हतं. पण आज संध्याकाळनंतर गाडी येणारच नव्हती.

"आई," ती म्हणाली, "माझं मशीन उलटं ऐकतंय."

तिनं भराभरा सगळं सांगितलं. सोनाबाईनं तोंडाला पदर लावला. शालनबाईंनी दुकानातल्या मोकळ्या फळ्यांकडे बघितलं. आपल्या शब्दावर बावीस गावं रिकामी बसली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"मग उलटं करून टाक की त्याला," सोनाबाई म्हणाली. "वाढलं म्हणजे न्हाई, असं सांग."

"तसं नाही होत हो मावशी. 'ताट वाढलं' म्हटलं तर? 'तेलाचा भाव वाढला', 'पोरगं वाढलं', हे सगळं उलटं व्हायला लागेल. नीट शिकवायला महिना लागतो." संयोगितानं आईचा हात धरला. "आई, एक कर. तुझा शब्द सगळ्या ऐकतात. आजच्या दिवस बायकांना सांग, घरात जे नाही त्याला सरळ 'संपलं' म्हणा. मशीनला कळेल. एकदाच!"

"न्हाई म्हणणार."

"आई, दीड महिन्याचा प्रश्न आहे!"

"असू दे." शालनबाईंचा आवाज चढला. "मीठ आणून द्यायचं म्हणून माझ्या बायांच्या तोंडून लक्ष्मीच्या घरात वंगाळ बोलवून घेतीस? लेकुरवाळ्या बाया हायत त्या. चुलीपुढं उभं राहून मीठ संपलं, तांदूळ संपले म्हणायचं? मी न्हाई सांगणार आन् सांगितलं तरी त्या न्हाई म्हणणार. तू एवढी शिकलीस, मशीन केलंस, त्याचा मला किती अभिमान हाय ते ह्या सोनाबाईला विचार. पण मशीन आमच्या घरात आलंय बाय, आम्ही न्हाई त्याच्या घरात गेलो. वळण त्यानं शिकायचं."

संयोगिता चिडली. आणि चिडता चिडताच तिला जाणवलं की आई जे बोलली ते खरं आहे. नुसतं खरं नाही, त्यातच वाट आहे. बायकांनी ना 'संपलं' म्हणायचं, ना 'वाढलं'. नुसतं नाव घ्यायचं! तासाभरापुरतं कानोशाला एवढंच शिकवायचं, की आईच्या एका हाकेनंतर जे नाव कानावर पडेल ते घरात हवंय. एवढा बदल ती उभ्या उभ्या करू शकत होती.

तिनं पोतनीसांना फोन लावला.

"सर, ट्रक थांबवा. जत्रेकडचे आठही परत बोलवा."

"काय? अहो, तुमच्याच मशीननं सांगितलं—"

"मशीन खोटं बोलत नाही, सर. मी त्याला मराठी अर्धीच शिकवली. खोरं रिकामं आहे."

मग पोतनीस हळू आवाजात म्हणाले, "संयोगिता, ते तीन राज्यांचे लोक इथं माझ्या शेजारी बसलेत. पडदा हिरवा आहे. तुमच्या एका फोनवर मी आठ ट्रक वळवू? आणि उद्या कळलं की तिकडे माल होता, तर कानोसा गेला, तुम्ही गेलात आणि मीही गेलो. पुरावा द्या."

"तासाभरात देते. त्यांना उठवू नका. बघू द्या त्यांनाही."

डबीला आवाज होता. 'गाडी उद्या येते' एवढी सूचना देण्यापुरता. संयोगितानं दारातच बसून मांडीवर लॅपटॉप उघडला, बोटं चालवली आणि फोन आईच्या तोंडासमोर धरला. शालनबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि बावीस गावांतल्या फळ्याफळ्यांवरून त्यांचा आवाज एकदमच उमटला.

"बायांनो, मी आंबेघोळची शालन बोलती. घाबरू नका, डबीतनं बोलती. माझ्या लेकीच्या मशीनला आपली बोली नीट कळंना झालीया. शहरात वाढलंय ते, त्याची चूक न्हाई. तर आता एवढं करा. आपल्या घरात जे जे वाढलंय, त्याचं नुसतं नाव घ्या. वाढलं म्हणू नका, दुसरंबी काय म्हणू नका. देवाचं नाव घेतो तसं स्वच्छ नाव घ्या. गाड्या पुलापलीकडंच हायत. घ्या नावं!"

पहिल्यांदा काहीच झालं नाही. संयोगिताचा जीव टांगणीला लागला.

मग शेजारच्या घरातून सोनाबाईच्या सुनेचा खणखणीत आवाज आला, "मीठ!" वरच्या आळीतून कुणीतरी म्हणालं, "तांदूळ, तांदूळ!" फोनवर एक ठिपका लाल झाला. मग चार. मग अख्खी एक वाडी. बायका उंबऱ्यात येऊन एकमेकींना आठवण करून देत होत्या, "अगं, हळद म्हण की!" "काडेपेटी म्हटलीस का?" आणि मग हसत होत्या. बावीस गावं मीठ, तेल, डाळ, हळद असं घोकत होती, पण कुणाच्याही तोंडून एक अभद्र शब्द निघाला नाही. हिरवं खोरं बघता बघता कुंकवासारखं लाल झालं. आयुष्यात पहिल्यांदा लाल रंग बघून संयोगिताचे डोळे आनंदानं भरून आले.

फोन वाजला. पोतनीस होते. घाईचा माणूस, पण आज ती घाई कामी आली.

"आठही वळवले. चार आधीचे पुलाशी पोचतायत. जत्रेत एक दिवस भेळ कमी मिळाली म्हणून कुणी उपाशी मरत नाही." मग म्हणाले, "इथं काय झालं माहीत आहे? पडदा लाल व्हायला लागला तेव्हा मला घाम फुटला. म्हटलं, झालं, संपलं सगळं."

"संपलं म्हणू नये, सर."

"हो, हो! वाढलं सगळं! पण ते पाहुणे उठून उभे राहिले. त्यातली एक बाई म्हणाली, आमच्याकडेही बायका असंच फिरवून बोलतात आणि आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही. त्यांना कानोसा हवाय, संयोगिता. पण आज बघितला तसा. त्यांच्या त्यांच्या बायकांनी शिकवलेला."

ऊन कलताना बाराही ट्रक ओळीनं पुलावर आले. अलीकडच्या काठावर अख्खं खोरं जमलं होतं. कुणी टोपल्या आणल्या होत्या, कुणी बैलगाड्या. शेवटच्या ट्रकची मागची चाकं पुलावरून उतरली तेव्हा सोनाबाईनं पुढं होऊन काठावरच्या पहिल्याच दगडावर नारळ वाढवला आणि खोबऱ्याचा तुकडा सगळ्यात आधी संयोगिताच्या हातावर ठेवला. शालनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ओळखीचं-अनोळखी जो दिसेल त्याला सांगत होत्या, "माझी लेक हाय ती. मशीन तिचं हाय."

रिकामे ट्रक परत निघाले. चालकानं विचारलं, "मॅडम, शेवटची फेरी. बसताय ना?"

संयोगितानं पुलाकडे बघितलं, मग आईकडे. पलीकडे कराड होतं, अधिकारी होते, सत्कार होता. इकडे बावीस गावांची बोली होती आणि ती न शिकलेली एक डबी.

"नाही. मी इथंच राहते. मशीनला शिकवायचंय. मास्तरीण इथं आहे," ती आईकडे बोट दाखवून म्हणाली.

"इश्श," शालनबाई म्हणाल्या. पण मान मात्र गावभर दिसेल इतकी ताठ झाली.

मग रोज शाळा भरू लागली. शालनबाई भाकरी थापता थापता सांगायच्या आणि संयोगिता कानोशाला शिकवायची. ताट वाढतात ते वेगळं, पोर वाढतं ते वेगळं. निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. ते ऐकून पाहुणे येणार असं समजून लगेच सामान मागवू नये. आणि कुठं शंकाच आली तर कानोशानं विचारायचं. पण कसं विचारायचं, यावर दोन दिवस वाद झाला. 'संपलं का?' हे शालनबाईंना चालणार नव्हतं. शेवटी त्यांनीच वाक्य ठरवून दिलं, "वाढलं म्हणजे आणायचं का?" आजही कानोसा देशभर ज्याच्या त्याच्या भाषेत हेच विचारतो, आणि ते वाक्य कुणी दिलं हे आंबेघोळचं शेंबडं पोरही सांगेल.

खोऱ्यात दीड महिना कुणाची चूल थांबली नाही. नवा पूल उभा राहिला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मायलेकी चुलीपाशी बसल्या होत्या. म्हशीपासून पोरीच्या पसंतीपर्यंत सगळं बोलून झालं होतं आणि तरी बोलणं चाललंच होतं.

"उद्या जाशील," शालनबाई म्हणाल्या.

"येईन. आणि रोज फोन करीन. तूही कर. साखरेसाठी नाही, उगाच कर."

शालनबाईंनी विस्तव सारखा केला.

"खरं सांगू संयू? मधी आपलं बोलणं पार वाढलं होतं बघ."

संयोगिताला त्या शब्दाचा अर्थ आता पक्का ठाऊक होता. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

फळीवरच्या डबीचा दिवा लुकलुकला. नवं वाक्य शिकून तिला फार दिवस झाले नव्हते. कुठंही 'वाढलं' ऐकलं की ती विचारायची.

"बोलणं वाढलं," कानोसा अदबीनं म्हणाला, "म्हणजे आणायचं का?"

"नगं रे बाबा," शालनबाई हसल्या आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "आलंय ते घरला."